तयारी हाही तवक्कुलचाच भाग




हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कोकणात आगोट लागलेली असेल. सुकी मासळी उन्हात वाळून डब्यांत बंद झाली असेल, सरपण पडवीत रचले गेले असेल, मसाला बरण्यांत भरला गेला असेल, घराची शाकारणी उरकली असेल. चार महिन्यांच्या पावसाची ही बेगमी आपल्या आई-आजींना कोणी शिकवावी लागली नाही. या बेगमीला कोणी ईमानाची दुर्बलता म्हटल्याचेही ऐकिवात नाही. अल्लाह अन्नदाता आहे, मग सुके बोंबील कशाला साठवता, असे कोणी विचारत नाही.

मात्र त्याच घरात दुसरा प्रश्न विचारून पाहा. रात्री पुराचे पाणी आले तर अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार? कोणत्या घरी नेणार? कोणत्या वाटेने? या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: जे तकदिरात असेल ते होईल. पोटाच्या बाबतीत आपण तदबीर करतो आणि जिवाच्या बाबतीत तकदिरीचे नाव घेऊन मोकळे होतो. ही विसंगती आहे, आणि तिची किंमत बहुधा घरातील सर्वांत दुर्बल माणसाला मोजावी लागते. म्हणून या महिन्यात याच विषयावर आपल्याशी बोलावे असे वाटले.

तकदिरीवरील श्रद्धा हा आपल्या ईमानाचा स्तंभ आहे. त्याविषयी शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की तकदिरीचे वाक्य केव्हा उच्चारायचे. ज्याने आपल्या हातून होण्यासारखे सर्व काही केले आणि तरीही ज्याचे नुकसान झाले, त्याच्या मुखी ते वाक्य सब्र असते. त्याच्या जखमेवर ते औषध असते. ज्याने काहीच केले नाही, त्याच्या मुखी तेच वाक्य सबब होते. तो स्वतःच्या आळसाचा भार आपल्या पालनकर्त्यावर टाकतो. शब्द तेच, परंतु दोघांच्या कर्मपत्रिकेत त्यांची नोंद एकसारखी कशी होईल?

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्या माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले, ही हदीस आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. इतकी ऐकली आहे की तिचा अर्थ आता कानांवरून निघून जातो. त्यामुळे आज मी आपणास एका घराकडे घेऊन जाऊ इच्छितो. ते घर मक्केत होते आणि ते ह. अबू बक्र सिद्दीक (रजि.) यांचे होते.

हिजरतीची वेळ आली तेव्हा या घराची तयारी आधीच झालेली होती. ह. अबू बक्र (रजि.) यांनी दोन सांडणी चार महिने बाभळीच्या जातीच्या झाडाचा पाला घालून पोसल्या होत्या. निघण्याचा दिवस त्यांना ठाऊक नव्हता, परंतु निघावे लागेल हे ठाऊक होते. त्यांची कन्या ह. अस्मा (रजि.) यांनी शिदोरी तयार केली. बांधायला दोरी मिळेना, तेव्हा आपला कमरपट्टा फाडून त्यांनी ती बांधली. पुत्र अब्दुल्लाह (रजि.) दिवसभर मक्केत राहून कुरैशांची खलबते ऐकत आणि अंधार पडल्यावर सौर गुहेत येऊन सांगत. आमिर बिन फुहैरा (रजि.) संध्याकाळी शेळ्या-मेंढ्या हाकत गुहेजवळ आणत, म्हणजे दुधाची सोय होई. वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित याला मोल देऊन ठरवण्यात आले होते. तो त्या वेळी मुस्लिम नव्हता, परंतु वाटांचा जाणकार होता व विश्वासू होता. दोन्ही सांडणी त्याच्या स्वाधीन करून तीन रात्रींनंतर गुहेपाशी येण्याचे त्याच्याशी ठरले होते. मदीना मक्केच्या उत्तरेला असताना गुहा मात्र दक्षिणेची निवडली गेली. आणि ह. अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले, कारण लोकांच्या अमानती ज्याच्या त्याला परत करायच्या होत्या.

आता ही यादी आपल्या भाषेत मांडून पाहा. वाहन, अन्न, बातमी, वाट, वाट जाणणारा माणूस, तात्पुरता निवारा, भेटण्याचे ठिकाण, भेटण्याची वेळ आणि लोकांच्या ठेवींची जबाबदारी. यातील एकही गोष्ट नशिबावर सोडलेली नव्हती. घरातील मुलगी, मुलगा, शेळ्या राखणारा, सर्वांना आपापले काम माहीत होते.

एवढे सगळे झाल्यानंतर शोध घेणारे गुहेच्या तोंडाशी येऊन पोहोचले. खाली पाहिले असते तर त्यांना आतले दिसले असते. तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या सोबत्याला धीर दिला की दुःख करू नये, अल्लाह आपल्या सोबत आहे. तवक्कुलचा हा परमोच्च क्षण आहे. तो कोठे घडला, हे लक्षात घ्या. चार महिन्यांची तयारी जेथे संपली, तेथे तो घडला. माणसाचे हात जेथवर पोहोचतात तेथवर त्याने ते पोहोचवले पाहिजेत. त्यापुढचे अंतर अल्लाहच्या हवाली.

हीच समज पुढे ह. उमर (रजि.) यांच्या वर्तनात दिसते. ते सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे साथ पसरली आहे. त्यांनी मुहाजिरांचा सल्ला घेतला, अन्सारांचा घेतला, कुरैशांमधील ज्येष्ठांचा घेतला आणि परत फिरण्याचा निर्णय केला. सेनापती ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की आपण अल्लाहच्या तकदिरीपासून पळत आहोत काय? ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण अल्लाहच्या एका तकदिरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदिरीकडे जात आहोत. दरीची एक बाजू हिरवी व दुसरी उजाड असेल, तर शहाणा मेंढपाळ उंटांना कोठे चारील? दोन्हीकडचे चरणे तकदिरीतलेच आहे, परंतु निवड करण्याची बुद्धी हीसुद्धा तकदिरीनेच दिलेली आहे.

वाचकहो, आता आपल्या नदीकाठाकडे वळू या. २२ जुलै २०२१ हा दिवस चिपळूण आणि महाडकर कधी विसरणार नाहीत. ईदुल-अजहाचा तो दुसरा दिवस होता. सह्याद्रीवर अतोनात पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, सावित्रीने महाड वेढले. कित्येक घरांत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. याच चिपळूणने २६ जुलै २००५ चा पूरही पाहिला होता. म्हणजे मधल्या सोळा वर्षांत आपल्याला ठाऊक होते की नदी येते. प्रश्न केवळ ती केव्हा येते, एवढाच होता.

कोकणातील नद्यांचा पूर पावसाइतकाच समुद्रावर अवलंबून असतो. समुद्राला भरती असली की खाडीचे पाणी वर चढते, नदीला बाहेर पडायला वाव राहत नाही आणि ती मागे फुगते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी असते. त्याला आपण उधाण म्हणतो. २२ जुलै २०२१ रोजी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. आपली हिजरी दिनदर्शिका चंद्रावर चालते. म्हणजे महिन्याच्या प्रारंभीचे दिवस आणि तेरा, चौदा, पंधरा या तारखा उधाणाच्या आहेत, हे ज्याच्या भिंतीवर हिजरी दिनदर्शिका आहे त्याला वेगळे सांगावे लागू नये. चंद्रकोरी लोकांना वेळ मोजण्यासाठी आहेत, असे दिव्य कुरआन आपल्याला शिकवतो. रमजान आणि ईद ठरवण्यासाठी आपण चंद्र पाहतोच. जोराच्या पावसात त्याच चंद्राकडे पाहून आपल्या खाडीकाठच्या शेजाऱ्याला सावध करणे, हेही त्या शिकवणीचे पालनच होय.

घराने काय करावे? सूरह यूसुफमध्ये सात सुकाळांनंतर येणाऱ्या सात दुष्काळांची तयारी सांगितली आहे. प्रेषित यूसुफ (अ.) यांनी केवळ धान्य साठवा असा मोघम उपदेश केला नाही. खाण्यापुरते वगळून बाकीचे धान्य कणसातच राहू द्यावे, असे त्यांनी नेमके सांगितले. कणसातले धान्य अधिक टिकते, हे शेतकऱ्याला कळते. यावरून एक गोष्ट शिकावी: तयारी मोघम नसते, ती तपशिलात असते.

तेव्हा काही तपशील. आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासपोर्ट, बँकेची पुस्तके, निकाहनामा आणि औषधांच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत एकत्र ठेवा आणि ती पिशवी घरातील प्रत्येकाला माहीत असू द्या. मधुमेहाची, रक्तदाबाची, दम्याची औषधे निदान आठवडाभराची जास्त ठेवा. तीन दिवस पुरेल एवढे पिण्याचे पाणी झाकलेल्या भांड्यांत, उंचावर ठेवा. बॅटरी, शिट्टी, दोरखंड आणि चार्ज केलेली पॉवर बँक एका जागी असू द्या. पाणी उंबऱ्याला लागण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका कोण बंद करील आणि गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर कोण काढील, हे आजच ठरवा. मदीनेत एकदा रात्री एक घर माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) झोपण्यापूर्वी आग विझवण्याची शिकवण दिली. भांडी झाकणे, दारे लावणे, दिवे मालवणे या गोष्टी ज्या धर्मात प्रेषितवचनाचा विषय झाल्या, त्या धर्माच्या अनुयायाला गॅसचा रेग्युलेटर ही क्षुल्लक बाब वाटू नये.

डोंगराखाली राहणाऱ्यांनी जमिनीकडे लक्ष ठेवावे. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, भिंतींना तडे जाणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या दरडीच्या सूचना असतात. त्या दिसल्या की सामान आवरत बसू नये. माणसे घेऊन निघावे. वाहत्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गाडी घालणे हे शौर्य नव्हे. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात ढकलू नये, ही कुरआनची ताकीद आपल्याला ठाऊक आहे.

येथे एका कठीण गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या अनेक गावांतील कर्ते पुरुष कुवेत, दुबई, मस्कतला आहेत. घरात आई, पत्नी, मुले आणि म्हातारे वडील. पाणी चढते तेव्हा तो मुलगा हजारो मैलांवरून फोन करत राहतो आणि फोन लागत नाही. त्या वेळी त्याच्या वडिलांचा मुलगा कोण? शेजारी. आणि हे शेजारपण पुराच्या रात्री ठरवता येत नाही. परदेशातील बांधवांना माझी विनंती आहे की घरी पैसे पाठवता तसा एक फोन शेजाऱ्यालाही करा. वेळ आली तर माझ्या वडिलांना तुम्ही उचला, असे स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याच्याकडून होकार घ्या. त्यानेही हा होकार अमानत समजावा.

आता जमातीविषयी. कोणत्याही गावात आपत्तीच्या वेळी जे असावे असे तज्ज्ञ सांगतात, ते मशिदीत पूर्वीपासूनच आहे. दिवसातून पाच वेळा एकत्र येणारी माणसे आहेत, ध्वनिक्षेपक आहे, पक्की इमारत आहे, पाण्याची टाकी आहे, जमातीचे दप्तर आहे. केवळ या सर्वांना एका हेतूने जोडणे उरले आहे.

जमातीच्या दप्तरात वर्गणीची नोंद असते. त्यातच आणखी एक पान वाढवावे. मोहल्ल्यात एकटे राहणारे वृद्ध किती, अंथरुणाला खिळलेले कोण, डायलिसिसवर कोण, गरोदर भगिनी कोणत्या घरी, चालता न येणारी मुले कोठे. प्रत्येक नावापुढे दोन तरुणांची नावे लिहावीत, कारण एक जण त्या दिवशी गावाबाहेर असू शकतो. मशिदीच्या व मदरशाच्या वरच्या मजल्याची किल्ली निदान तीन घरी असावी. तेथे स्त्रियांसाठी वेगळी जागा व स्वच्छतागृह आहे की नाही, हे आधी पाहावे. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ वुजूखान्याजवळ मोठ्या अक्षरांत लिहावेत. पोहता येणाऱ्या तरुणांची नोंद करावी, आणि होडी वापरावी लागली तर तिच्या क्षमतेहून एकही माणूस जास्त चढू देऊ नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि जीव वाचवायला निघालेले लोक बुडाले. मदत करण्याची इच्छा पुरेशी नसते, तिला शिस्तही लागते.

ही शिस्त आपल्या उपासनेतच आहे. युद्धप्रसंगी भयाची नमाज कशी अदा करावी, हे सूरह निसामध्ये आले आहे. एक तुकडी इमामामागे उभी राहते, दुसरी पहारा देते आणि मग त्या जागा बदलतात. सर्वांनी एकदम सजद्यात जावे आणि पाठ उघडी टाकावी, असे अल्लाहने त्या ठिकाणी पसंत केले नाही. त्याचप्रमाणे पावसाच्या रात्री अजानीत लोकांना आपापल्या निवासस्थानी नमाज अदा करण्याची घोषणा करण्याची सवलत हदीसमध्ये आहे. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी पावसा-चिखलाच्या जुम्याच्या दिवशीही अशी घोषणा करवली. आणि फिकहच्या ग्रंथांत सर्व मजहबांचे विद्वान सांगतात की कोणी बुडत असेल, आगीत सापडला असेल किंवा आंधळा माणूस विहिरीत पडू पाहत असेल आणि वाचवणारा दुसरा कोणी नसेल, तर नमाज तोडून त्याला वाचवणे वाजिब आहे. ज्या नमाजीसाठी आपण सर्व कामे बाजूला ठेवतो, ती नमाज एका जिवासाठी बाजूला ठेवण्याची आज्ञा शरीअत देते. जिवाचे मोल याहून स्पष्ट कसे सांगावे?

हे जीव केवळ आपल्या जमातीचे नव्हेत. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरा कापला गेला तेव्हा यहुदी शेजाऱ्याकडे मांस पाठवले की नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, आणि जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी सतत ताकीद देत असत, ही हदीस सांगितली. पाणी वर चढताना घराच्या दारावरचे नाव वाचत नाही. म्हणून वर सांगितलेल्या यादीत मोहल्ल्यालगतची वाडी, आळी आणि झोपड्याही असाव्यात. यादी करताना ग्रामपंचायतीला, शेजारच्या देवस्थानच्या मंडळींना, तलाठ्यांना सोबत घ्यावे. ह. अबू बक्र (रजि.) यांच्या घराने वाटाड्या निवडताना त्याची जाण आणि विश्वासूपणा पाहिला होता.

एक शंका येथे दूर करावी. साठवणे आणि साठेबाजी यांत फरक आहे. प्रेषितांनी (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे धान्य बाजूला ठेवल्याचे हदीसमध्ये आहे. दुसरीकडे, लोकांची अडचण पाहून भाव वाढावा म्हणून माल दाबून ठेवणाऱ्याला त्यांनी गुन्हेगार ठरवले आहे. आपल्यापैकी जे दुकानदार आहेत, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पूर ओसरल्यावर पाण्याची बाटली, मेणबत्ती, ताडपत्री यांचा भाव वाढवून मिळवलेला रुपया घरात बरकत आणणार नाही. अशअरी कबिल्याची रीत प्रेषितांना (स.) फार आवडली होती. धान्य संपत आले की ते लोक उरलेसुरले सगळे एका कापडात गोळा करत आणि एकाच मापाने सर्वांत समान वाटून घेत. प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले आणि स्वतःला त्यांचे म्हटले. एखाद्या मोहल्ल्याला याहून मोठा मान कोणता हवा?

निधीविषयीही सावध असावे. जकातीचे खर्चाचे मार्ग ठरलेले आहेत. दोरखंड, जीवरक्षक जाकिटे, बॅटऱ्या, जनित्र हे लिल्लाह निधीतून किंवा स्वतंत्र वर्गणीतून घ्यावेत. जकात गरजूच्या हाती द्यावी.

आणि शेवटची तयारी जिभेची. पुराच्या रात्री धरण फुटल्याची अफवा पाण्याहून वेगाने धावते. भयाची वा सुरक्षिततेची बातमी कानी येताच ती पसरवणाऱ्यांना सूरह निसामध्ये समज दिली आहे आणि अशी बातमी जबाबदार व जाणत्या लोकांकडे न्यावी, असे शिकवले आहे. मोबाइलवर आलेला संदेश पुढे ढकलण्यापूर्वी नियंत्रण कक्षाला विचारणे, हे आजच्या काळात या आयतीचे पालन आहे. मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून कोणी बोलायचे आणि कोणाला विचारून बोलायचे, हेही आधी ठरलेले असावे.

पाणी ओसरल्यानंतरचे काम लांबचे असते. विहिरीचे पाणी शुद्ध करून घेतल्याशिवाय पिऊ नये, ते उकळावे. चिखलात काम करणाऱ्यांनी पायाच्या जखमा झाकाव्यात आणि ताप आल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे, कारण पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस पसरतो. स्वतः उपाय करत घरी बसणे हा तवक्कुल नव्हे, हे आता पुन्हा सांगायला नको.

प्रिय वाचकहो, कयामतच्या दिवशी आपल्यापैकी प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाणार आहे. पाऊस का पडला, नदी का चढली, हे आपल्याला विचारले जाणार नाही. ते आपल्या हाती नव्हते. परंतु तुझ्या घरात एक चालू न शकणारी आई होती, तुझ्या भिंतीपलीकडे एक एकटा म्हातारा होता, तुझ्याकडे तीन महिन्यांची मुदत होती, मग तू काय केलेस, हे विचारले जाईल. त्या वेळी तकदिरीचे नाव घेऊन सुटता येईल, असे ज्याला वाटते त्याने पुन्हा एकदा विचार करावा.

येत्या जुम्यापूर्वी एवढे करा. घरातील सर्वांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला एक काम नेमून द्या, जसे त्या मक्केतील घरात अस्मा, अब्दुल्लाह आणि आमिर (रजि.) यांना नेमून दिलेले होते. जुम्यानंतर आपल्या जमातीच्या अध्यक्षांकडे जा आणि दुर्बलांच्या यादीची चौकशी करा. यादी नसेल तर वही घेऊन स्वतः बसा. त्यानंतर दोन्ही हात उचलून दुआ मागा. त्या हातांनी काही काम केलेले असेल.

हे अल्लाह, आमच्या नद्यांना त्यांच्या काठांत राहू दे, आमच्या डोंगरांना स्थिर ठेव. आमच्या वृद्धांना, बालकांना, आजाऱ्यांना आणि आमच्या सर्व शेजाऱ्यांना तुझ्या संरक्षणात घे. आम्हाला वेळेवर जागे होण्याची बुद्धी दे, आणि आमचे हात जेथे थकतील तेथून पुढे तूच आमचा सांभाळ कर. आमीन.